वेशीवरचा फलक

सोल, २८ ऑक्टोबर

आदरणीय मोठे काका,

नमस्कार. गुडघा कसा आहे? लसूण लावून झाली का? तुम्ही पाठवलेला युजा लिंबांचा मुरांबा रोज गरम पाण्यातून घेते, घसा ठणठणीत आहे. तालमी जोरात चालू आहेत.

तुम्ही बस ठरवलीत, गावातली छत्तीस माणसं प्रयोगाला येणार, असं आई म्हणाली. काका, त्या बसबद्दलच लिहायचं आहे. तीन पानं फाडून झाली.

ऑगस्टमध्ये मी फोनवर म्हणाले, "नायिकेच्या भूमिकेसाठी माझी निवड झाली." तुम्ही पुढचं ऐकायला थांबलाच नाहीत. संध्याकाळपर्यंत वेशीवर दोन खांबांमध्ये कापडी फलक लागला: "अभिनंदन! कै. प्यो सांग-जिन यांची कन्या सोरिन राजधानीत ऑपेराची नायिका!" माझं पुढचं वाक्य होतं, की निवड राखीव म्हणून झाली आहे. नायिका ग्यूरी ताई गातात. मी सगळं पाठ करायचं आणि प्रयोगाच्या दिवशी आत खुर्चीवर बसायचं. त्या आजारी पडल्या तरच माझी पाळी.

तुम्हाला दोष देत नाही. सांगायला मला अडीच महिने होते. पण तुम्ही तो फोटो पाठवलात. फलकाखाली आई, रस्त्याच्या अगदी मधोमध, दोन्ही हात वर करून. फिलिपीन्सहून लग्न होऊन आल्यापासून ती कुठल्याच फोटोत मधोमध नाही. मग माझी जीभ उचलेना.

जर्मनीत चार वर्षं मी कोरियन म्हणून दासीच्याच भूमिका गायले. इकडे आल्यावर चेहरा जरा परदेशी वाटतो म्हणून पुन्हा दासीच. नायिकेचं गाणं पहिल्यांदा हातात आलं ते एकतिसाव्या वर्षी, तेही राखीव. तरी मला आनंद झाला होता, काका. खरंच.

काल तालमीत ग्यूरी ताईंना खोकला आला आणि मला बरं वाटलं. तुमची बस डोळ्यांपुढे आली. जी बाई स्वतःच्या डब्यातला भात मला वाढते, तिचा घसा बसावा असं मी मनात मागितलं. इतकी लाज मला स्वतःची कधीच वाटली नव्हती. म्हणून आज लिहिते आहे.

फलक उतरवा. बस रद्द करा. आणि आईला तुम्हीच सांगा, माझ्याच्यानं होत नाही.

तुमची अपराधी,
सोरिन


३ नोव्हेंबर

चि. सोरिन,

पत्र पोचलं. लसूण लावून झाली. गुडघा होता तसाच आहे.

फलक उतरवला. शिडी तुझ्या आईनं धरली.

तिला कसं सांगावं म्हणून मी दोन दिवस तिच्या दारावरून नुसता फिरत होतो. शेवटी तीच म्हणाली, "भाऊजी, पत्र आलंय ना? राखीव असल्याचं लिहिलंय का?" मी चाटच पडलो. सप्टेंबरात तिनं आपलं तिकीट काढायला नाट्यगृहात फोन केला होता. सोरिन कुठल्या दिवशी गाते, विचारलं. कुठल्याच नाही, म्हणाले.

मग गप्प का बसलीस, म्हणून मी रागावलो. ती मुळा चिरत होती, मान वर न करता म्हणाली, "पोर स्वतःहून सांगेल म्हणून वाट बघत होते. आणि राखीव म्हणजे काय ते मला नका समजावू. बत्तीस वर्षं तुमच्या पितरांचा स्वयंपाक मी करते. नमस्काराला मला कुणी बोलावत नाही. पण सगळा विधी तोंडपाठ आहे मला. तुम्ही चुकता तेसुद्धा."

परवा तुझ्या बाबांचं श्राद्ध आहे. पहिला नमस्कार तिनं करायचा, असं मी सांगितलंय. ती हो म्हणालेली नाही, पण चांगले कपडे इस्त्रीला काढलेत.

बस रद्द केलेली नाही. चौतीस जण येतोय. दोघांना नायिकाच बघायची होती, ते घरी राहतील. प्रयोग झाला की मागच्या दाराशी ये, आम्ही तिथेच असू.

आणि ग्यूरीबाईंचा घसा उत्तम राहो, असं तुझ्या आईनं रविवारी चर्चमध्ये मागितलंय. आता तूही तेच माग.

तुझा,
मोठा काका