रुंद पट्ट्याचा परकर

आई,

तुला जाऊन अकरा वर्षं झाली आणि आता या वयात मी पोटाचं ऑपरेशन करून घेतलं. साखर होती, गुडघे बोलत होते, पण ऑपरेशन वजनासाठीच. जठर कापून लहान केलं. तुला सांगताना ओशाळल्यासारखं होतंय, कारण चालत्याफिरत्या बाईनं कमी जेवता यावं म्हणून पोट कापून घ्यायचं, हे तुझ्या डोक्यात काही केल्या शिरलं नसतं. दुर्बिणीतून केलं, म्हणून पाच बारके छेद, बोटाच्या पेराएवढे. चार गुमान भरून आले. बेंबीशेजारचा पाचवा मात्र माझ्यावर गेलाय, हट्टी.

तिसऱ्या आठवड्यात मी शाळेत रुजू झाले. साडी म्हटली की परकर आला, आणि तीस वर्षांच्या सवयीनं मी नाडी करकचून आवळली, नेमकी त्याच जागेवर. दोन दिवसांत खपली निघाली, पाणी यायला लागलं. रिक्षा करून सावेडीतल्या दवाखान्यात गेले. तिथली सिस्टर माझ्या लेकीच्या वयाची, पण जिभेची तिखट. "मॅडम, पोरांना शिकवता ना तुम्ही? मग जखमेवर नाडी बांधू नये, एवढं कळू नये?" परकर शिवून जिनं घर चालवलं, तिच्या पोरीनं हे ऐकून घ्यायचं म्हणजे कमालच.

आपल्या काष्टी गावचा बाजाराचा दिवस, मी शाळकरी. बाजार उरकलेल्या बायका आपल्या ओट्यावर टेकतात. तू टेप लावून आकडे मोठ्यानं सांगतेस, मी वहीत लिहिते. एखादी मूल बंद करायचं ऑपरेशन करून आलेली असली, की तिच्या परकराला तू नाडी घालतच नाहीस. चार बोटं रुंद, मऊ पट्टा लावतेस आणि बंद बाजूला घेतेस, कमरेच्या हाडावर. "टाक्यावर काय बी टेकू द्यायचं न्हाई बाई. कोरडं ठिव. आन हळद-बिळद लावू नगं, डाक्टरनं सांगितलंय तेवढंच कर." हे सगळं मला दवाखान्यातून परतताना रिक्षात आठवलं. इथल्या टेलरला समजावून थकले, शेवटी तुझं मशीन पुसून मीच तसा परकर शिवला. शिवण वाकडी गेलीय. तू उसवून टाकली असतीस.

जखम पुन्हा भरली. तेव्हा सिस्टर म्हणाली, आता रोज दोनदा जेल लावून बोटानं गोल गोल चोळायचं, नाहीतर वण जाड होईल आणि ओढत राहील. आई, मला ते जमेना. आंघोळ करतानाही मी भिंतीकडे बघते. स्वतःच्या पोटाला हात लावायची मला लहानपणापासून किळस आहे, आणि ती कुणाला सांगायची सोय नाही. या पोटाला सहज हात लावणारी एक तूच होतीस. माझं माप तू कधी टेपनं घेतलं नाहीस, वितीनं घ्यायचीस, आकडा न सांगता. मी पोट आत ओढायचे आणि तू म्हणायचीस, "सोड की पोट. कापड कमी हाय व्हय आपल्याकडं?"

आणि त्याच हाताला मी नववीत काय ऐकवलं! वर्गातल्या पोरी हसल्या म्हणून घरी येऊन मी ताट सरकवलं होतं. "तुझ्या हातचं खाऊनच मी अशी झालेय." तू भाकरी उचलून टोपल्यात ठेवलीस. त्यानंतर तू मला कधी 'अजून घे' म्हणाली नाहीस, अगदी मी माहेरपणाला आले तेव्हाही नाही. मी वाट बघायचे. चुकले म्हणायला तोंड उघडलं नाही, ते आजतागायत.

माझा चेहरा बघून सिस्टरनं विचारलं, "घरी कोण आहे का लावून द्यायला?" मी एकटीच राहते, लेक पुण्याला असते. पण तोंडातून निघून गेलं, "आई आहे." आता बोललेच होते, म्हणून दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर पलंगावर बसले, पोट सैल सोडलं आणि बोट ठेवलं. पहिल्यांदा रडले. मग रोज करत गेले, सकाळ-संध्याकाळ, तुझ्यासारखं, घाई न करता.

काल दाखवायला गेले होते. सिस्टरनं वणावरून बोट फिरवलं आणि खूश झाली. "मऊ पडलाय की! आईंचा हात लई हलका हाय हो." मी हो म्हटलं. तर म्हणते कशी, "पुढच्या महिन्यात त्यांना घेऊनच या, बघू तरी."

हे पत्र टाकायला पत्ता नाही, मला कळतं. पण मी सिस्टरला 'आईला विचारते' म्हणून आलेय.