ठरलेली हार

प्रिय मोना,

फोनच केला असता, पण माझा नंबर तू तीन वर्षांपूर्वीच ब्लॉक केलास. म्हणून हे पत्र आपल्या कंपनीतल्या प्रितमच्या हाती पाठवते आहे. पोस्टरं घेऊन तो नागपूरला येतोच आहे.

तुझं छान चाललंय, हे कानावर येतं. मोठ्या कंपनीत गेलीस, कमरेला विजेतेपदाचा पट्टा आला. माझा उजवा हात अजून खांद्याच्या वर जात नाही. वेणी आई घालून देते.

भंडाऱ्याला परसरामभाऊंच्या कुस्ती-कंपनीत आपण दोघी एकाच आठवड्यात आलो होतो. पहिला महिना नुसतं पडायलाच शिकलो. पडताना हनुवटी छातीला चिकटवायची, हे मला तूच शिकवलंस. रिंगमध्ये आपण एकमेकींच्या जिवावर उठायचो आणि पडद्यामागे एका डब्यात जेवायचो. कोण जिंकणार ते भाऊ सकाळीच ठरवायचे, आणि जास्त वेळा हरायचीस तू, हे खरं. पवनीच्या खेळानंतर तू चिडून म्हणालीस, "दरवेळी मीच काहून हारू? मले का इज्जत नाही?" मी हसले. ते हसणं चुकलंच माझं.

मग अड्याळची मंडई आली, दिवाळीनंतरची जत्रा. माझं गाव. मी या धंद्यात आले म्हणून बाबा दोन वर्षं माझ्याशी बोलत नव्हते, ते त्या दुपारी पहिल्या रांगेत येऊन बसले. भाऊंनी सकाळी निकाल माझ्या बाजूने दिला होता. तू त्यांच्याकडे जाऊन कंपनी सोडायची धमकी दिलीस आणि निकाल फिरवून घेतलास. भाऊ म्हणाले, "साधनाले सांगून दे." तू हो म्हणालीस. हे मला त्यांनीच पुढे दवाखान्यात सांगितलं. तू मात्र पडद्यामागे माझी वेणी घट्ट बांधून दिलीस आणि एक शब्द बोलली नाहीस.

ठरल्याप्रमाणे मी हात सैल सोडून तुझ्या हाती दिला. तू तो पाठीमागे पिरगळलास. मी तुझ्या कानात म्हणाले, "मोना, सोड, खरंच दुखून राहिलं." तू आणखी वर ओढलास. खांदा निखळला तो आवाज मी ऐकला. मी कळवळले, तर लोक हसले. त्यांना तोही खेळच वाटला. बाबा उठून गेले. घरी एवढंच म्हणाले, "खोटी कुस्ती होती ना? मंग तेभी हारली?"

आता भाऊ थकले आहेत. गेल्या वर्षापासून निकाल मी ठरवते. हे तुला माहीत नसावं, नाहीतर तुझ्या गावच्या, आंधळगावच्या मंडईत कुस्ती मिळावी म्हणून तू भाऊंना फोन केला नसतास. "माह्या मायनं मले जिंकताना कधी पायलं नाही," म्हणालीस म्हणे. भाऊंनी शब्द दिला, तू कागदावर सही केलीस. मी स्वतः आंधळगावला जाऊन तुझ्या मायला, आनंदाबाईंना, बोलावणं केलं. त्यांनी चहा दिला, हाताला काय झालं विचारलं. मी म्हटलं, पडले. पहिल्या रांगेत त्यांची खुर्ची राखून ठेवली आहे.

तुझी कुस्ती रिताशी आहे. एकोणीस वर्षांची पोर, कंपनीत येऊन सहा महिने झालेत. चौथ्या मिनिटाला तू तिच्याखाली पाठ टेकणार आहेस. ऐनवेळी फिरायचं मनात आणू नकोस. धानाची पोती उचलून वाढलेली आहे ती, आणि हात पाठीमागे कसा पिरगळायचा ते मी तिला शिकवलंय. आली नाहीस, तर का आली नाहीस ते माईकवर तुझ्या गावाला मी सांगेन. त्या दिवशी मला आधी सांगितलं असतंस, तर मी हरले असते गं, बाबांसमोरसुद्धा हरले असते. तू सांगितलं नाहीस. मी आठ दिवस आधी सांगते आहे, पत्र त्यासाठीच लिहिलं. हे आठ दिवस तू सगळं ठाऊक असताना जेवायचं, झोपायचं, आणि मायचा फोन आला की तिला म्हणायचं, ये, नक्की ये.

मंडईत तुझी वाट पाहणारी,
तुझीच साधना