तोफ यांचा गौरवग्रंथ

ती. ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार (पाठ धरली असल्यामुळे तो उभ्यानेच घातला आहे, भावना आडवी समजावी). तुझे गुडघे काय म्हणतात? आणि भाऊजींचा घसा? निवृत्तीच्या समारंभात त्यांना बोलायचं आहे, तेव्हा फार ताणू नका म्हणावं, निदान सभागृहाच्या काचा तरी वाचतील. इकडे सगळे खुशाल. काल दुपारी नव्हते, पण आता आहेत, आणि दोन घास जास्त जेवून मी हे लिहायला बसलो आहे. छापखान्याच्या गाडीतून पाठवलेलं पार्सल पोचलं असेलच. ते सावकाश उघड. घाई काहीच नाही.

तर झालं असं. भाऊजींच्या गौरवग्रंथाचं काम शाळेने आपल्याकडे दिलं खरं, पण समितीत पहिल्या बैठकीपासून एकच वाद: मुख्याध्यापकांच्या आधी ‘माननीय’ लावायचं की ‘आदरणीय’? मराठीच्या बाई माननीयच्या, विज्ञानाचे मास्तर आदरणीयचे. दोघांनी बोलणं टाकलं (शिक्षकांच्या खोलीत तेवढीच शांतता). लेख जुळवायची वेळ आली तरी निकाल नाही. शेवटी आपल्या सूनबाईने तोड काढली. संगणकावरची अक्षरजुळणी तीच बघते, आणि भाऊजींच्या हाताखालून शिकून गेलेली आहे. तिच्या त्या यंत्राची रीत अशी, की शब्दाच्या आधी एक तिरकी रेघ मारली की तो शब्द राहत नाही, हुकूम होतो. यंत्र तो काढून त्या जागी आपण आधी पढवून ठेवलेला अख्खा मजकूर उलगडतं. म्हणजे सरांचा उल्लेख येईल तिथे छोटासा हुकूम टाकून ठेवायचा, आणि समितीचं भांडण मिटलं की एका जागी बदल केला की पुस्तकभर बदल. मी शिशाचे अक्षरखिळे जुळवत वर आलेला माणूस. आमच्या वेळी ‘माननीय’चं ‘आदरणीय’ करायचं म्हणजे बोटांची सालं निघायची. मी खूश झालो. हुकमासाठी शब्द कोणता घेतलास, एवढं मात्र विचारायचं राहिलं.

लेख प्रत्येकाचा वेगळ्या फाइलीत, आणि मुख्य फाइल त्यांना एकेक करून आत बोलावते, दवाखान्यात कंपाउंडर बोलावतो तशी. सगळं सुरळीत चाललं होतं. मग गणिताच्या बाई आल्या आणि दारातूनच म्हणाल्या, “माझ्या आठवणी कुणी खाल्ल्या?” बाईंनी लेखात जागोजागी टक्क्याची खूण वापरली होती, आणि यंत्राला ती खूण दिसली की ते तिथून ओळीच्या शेवटापर्यंतचा मजकूर गिळतं. (निकाल शंभर टक्के, आणि पुढे काही नाही.) सूनबाईने यंत्राला दम भरला: बाहेरच्या फाइलीत जे असेल ते जसंच्या तसं उतरव, आपली अक्कल चालवू नकोस. टक्के वाचले. पण यंत्राने अक्कल बंद केली ती सरसकट. आणि आम्ही, फोटो बघण्यापुरती, एक नमुना प्रत बांधून मोकळे झालो.

काल मी कागद कापत होतो आणि तुझी भावजय मोठ्याने वाचत होती. तिने वाचायचं, मी ऐकायचं, अशीच आम्ही छपाईआधीची शेवटची तपासणी करतो, कारण माझ्या डोळ्यांचं वय झालं तरी कानांना कुणी ते कळवलेलं नाही. ती वाचते (तिरक्या रेघा गाळून), “तोफ यांचा स्वभाव अत्यंत मृदू आहे.” मी कापायचं यंत्र थांबवलं. “पुढे वाच.” “तोफ यांनी कधी कुणावर आवाज चढवल्याचे स्मरत नाही. सहलीला तोफ आजारी असूनही आले.”

“आले?” मी म्हटलं. “तोफ आली पाहिजे.”

“तुमचं व्याकरण ठेवा बाजूला,” तुझी भावजय म्हणाली, “ही तोफ कोण ते बघा!”

सूनबाई भिंतीला चिकटून उभी. “बाबा, अख्खी शाळा सरांना तेच म्हणते. तोंडात बसलंय, ते बोटांतून आलं. यंत्राची अक्कल बंद केली म्हणून, नाहीतर हुकूम उलगडला असता आणि कुणाला दिसलंच नसतं!”

ताई, तूच विचार कर. समारंभात पाहुणे व्यासपीठावरून हेच वाचणार, समोर भाऊजी नवा कोट घालून बसलेले. जगाला ठाऊक असलेलं हे नाव ठाऊक नाही ते एकट्या त्यांना. बाहेरून कितीही गडगडले तरी माणूस आतून किती हळवा आहे ते तू जाणतेस. त्या दिवशी त्यांची मान खाली गेली असती, तर तुझ्या दारात मी कोणतं तोंड घेऊन आलो असतो? पण सुटलो! सूनबाईने यंत्राला नव्याने समजावलं, की टक्के आहेत तसे राहू दे आणि हुकूम तेवढा उलगड. आता जिथे तिथे ‘माननीय मुख्याध्यापक महोदय’ (समितीत शेवटी मराठीच्या बाई जिंकल्या). छपाई उद्या. कुणाला काही कळलं नाही.

तुझा,
धाकटा

ता. क. पार्सलात आहे ती तीच नमुना प्रत. भाऊजी फिरायला गेले की फाडून टाक. पत्र खरं तर एवढ्यासाठीच.

आणखी एक ता. क. पाकीट चिकटवत होतो तेवढ्यात भाऊजींचा फोन (रिसीव्हर हातभर लांब धरला). पार्सल त्यांनीच उघडलं! म्हणाले, “काय हो मेव्हणे, पोरं मागून काय कुजबुजायची ते मला ऐकू येत नव्हतं वाटतं? माननीय तर ज्याच्या त्याच्या पुस्तकात असतात. हे असंच छापा.” मग आवाज इतका खाली गेला की मला रिसीव्हर कानाशी आणावा लागला. “गणिताच्या बाईंनी तोफ यांच्याबद्दल फार चांगलं लिहिलंय हो.”

तेव्हा प्रत फाडू नकोस. सूनबाईने एका जागी बदल केला आहे, पुस्तकभर तोफा. फक्त भाऊजींकडून समितीला दोन ओळी लिहून घे (छपाई तोवर थांबवली आहे), माझ्या तोंडी सांगण्यावर कुणाचा विश्वास बसायचा नाही. आणि त्यात ‘माननीय तोफ’ की ‘आदरणीय तोफ’ हेही त्यांनाच स्पष्ट करायला सांग. नाहीतर समिती पुन्हा बसेल.