तिरळ्या बोकडाच्या उंबऱ्याबाहेरून

आदरणीय विनी आत्या,

हॅचबरीहून तुमच्या क्लेमंटचा नमस्कार. गुडघा कसा आहे? लँडडनोच्या समुद्रवाऱ्याने सुधारला, की आणखीच आखडला? आणि पोपट? (तो अजून पाहुण्यांना शिव्या देतो, की शेजारच्या बाईंनी त्याला वळण लावलं?) तुमचा फोन गेल्याच्या गेल्या नाताळापासून कोणी उचलत नाही, तेव्हा तो बिघडला असणार असं मी धरून चाललो आहे. म्हणून हे पत्र. पत्राचं एक बरं असतं, त्याची रेंज मध्येच जात नाही. मी बोलायला लागलो की तुमच्याकडची हमखास जायची.

तुम्हाला ठाऊकच आहे, मी उभा जन्म वुल्व्हरहॅम्प्टनमध्ये लोकांना मोटार चालवायला शिकवली. (सुखाचा धंदा. शिकणाऱ्याचे हात चाकावर आणि जीव मुठीत, त्यामुळे माझं बोलणं कधी कोणी तोडलं नाही.) निवृत्त झालो आणि दिवस खायला उठला. शेजारच्या डेस्मंडने आपलं घराणं शोधत शोधत थेट एका बिशपपर्यंत नेलं होतं आणि तो आम्हाला कुंपणावरून रोज तो बिशप दाखवत असे. म्हटलं, आपलेही पूर्वज काही आकाशातून पडलेले नाहीत. शोधलं, तर जुन्या शिरगणतीत हॅचबरीचा पब सापडला, ‘तिरळा बोकड’. (पाटी रंगवणाऱ्याचा हात चुकला आणि बोकड तिरळा झाला. दुरुस्तीपेक्षा नाव बदलणं स्वस्त पडलं.) त्या छपराखाली दोन भाऊ, जोसाया ट्रँटर आणि अ‍ॅम्ब्रोज ट्रँटर. जोसायापुढे लिहिलेलं, पबचा मालक. अ‍ॅम्ब्रोजपुढे नुसतंच, भाऊ. यातले आपले पणजोबा कोण, याचा काही पत्ता लागेना, तेव्हा कुठलाही समंजस माणूस करेल तेच मी केलं. कागदावर बरा दिसणारा निवडला.

मग काय, माझ्या अंगात पबवाल्याचं रक्त सळसळू लागलं. घर विकलं आणि बोकडाच्या अगदी समोरची झोपडीवजा कॉटेज घेतली. मॅव्हिस बायकोच्या हक्काने म्हणत होती, आधी तिथे जाऊन एक ग्लास तरी पिऊन ये, मग घर विक. पण तिला इतिहासाची ओढ जरा कमीच.

पहिल्याच संध्याकाळी नवा कोट चढवून आत गेलो. सगळं गाव जमलेलं. मालकीणबाई ग्लेनिस प्रोबर्ट (अंगाने पिंपासारख्या, स्वभावाने पिंपाच्या लोखंडी पट्टीसारख्या) यांनी ग्लास भरून पुढे ठेवला. तो गुमान पिऊन घरी आलो असतो, तर आज हे पत्र लिहायची वेळ आली नसती. पण मी मेजावर थाप मारून जाहीर केलं की हा पब चालवणाऱ्या जोसाया ट्रँटरचा पणतू घरी परतला आहे. आत्या, लोकांनी टाळ्या वाजवल्या! शेकोटीजवळची खुर्ची एका म्हाताऱ्याने माझ्यासाठी रिकामी केली. इथेही थांबता आलं असतं. पण लोक ऐकत आहेत म्हटल्यावर मी थोडा तपशील पुरवला. म्हटलं, माझे आजोबा इनॉक तुमच्या या डोक्यावरच्याच खोलीत भर हिमवादळात जन्मले.



“कोण इनॉक?” ग्लेनिसबाईंनी विचारलं. “अ‍ॅम्ब्रोजचा इनॉक?” आणि माझ्या ओठाला लागलेला ग्लास त्यांनी काढून घेतला. “चल बाबा, बाहेर हो. तुमच्या घराण्याला इथे बंदी आहे.”

“कधीपासून?”

“एडवर्ड राजा गादीवर होता तेव्हापासून.”

आता ही इथली रीत. पब विकला तरी बंदी विकली जात नाही. नवा मालक किल्ल्या घेतो तेव्हा शेकोटीपाशी उभा राहून, ज्यांना आत घ्यायचं नाही त्यांची नावं तोंडपाठ म्हणून दाखवतो आणि मगच पहिला ग्लास भरतो. बाकीची नावं केव्हाच निर्वंश होऊन सुटली. उरलं ते एकच, ‘अ‍ॅम्ब्रोज ट्रँटर आणि त्याची पिल्लावळ’. त्याचा गुन्हा म्हणाल तर ऐकून तुम्हालाही हसू येईल. गावचा लोहार वारला, माती देऊन मंडळी बोकडात जमली आणि त्याची विधवा नवऱ्याबद्दल दोन शब्द बोलायला उभी राहिली. बाई अबोल, अडखळत होती. अ‍ॅम्ब्रोजने मदत म्हणून तोंड उघडलं, ते दिवेलागणीला मिटलं. बाई न बोलताच घरी गेली, आणि जोसायाने सख्ख्या भावाला बायकापोरांसकट उंबऱ्याबाहेर काढलं. मला विचाराल तर यात अ‍ॅम्ब्रोजचं चुकलं कुठे? कोणाचं अडलेलं वाक्य पुरं करून देणं हा काय अपराध झाला? (मी तर मॅव्हिसचं रोज करून देतो.)

तर सध्या मी बोकडाच्या खिडकीखाली बसतो. तिथला बाक आणि गवताची पट्टी चर्चच्या मालकीची आहे, आणि बंदी उंबऱ्याला आहे, खिडकीला नाही, असा ग्लेनिसबाईंचा निवाडा. बिअर खिडकीतून येते, जेवणही खिडकीतून येतं. (सॉसेजवरचा रस्सा पावसात इतका वाढतो की कितीही खा, संपत नाही.) मॅव्हिस आत बसते, शेकोटीजवळ, माझ्यासाठी रिकाम्या केलेल्या त्याच खुर्चीत. ती माहेरची ट्रँटर नाही ना! कुत्राही आत, कारण तो जोन्स नावाच्या शेतकऱ्याकडून आणलेला आहे. अख्ख्या कुटुंबात पबवाल्याचं रक्त फक्त माझ्यात, आणि छत्री धरून बाहेर बसलोय तोही मीच.

मी हातपाय हलवले नाहीत असं समजू नका. पाद्रीबुवांना भेटलो. ते म्हणाले, “तुझी पापं आत्ता उभ्या उभ्या माफ करतो रे, पण ग्लेनिसच्या वाटेला मी जाणार नाही.” मग पिंपं उतरवायची गाडी आली त्या दिवशी, तळघरात उंबऱ्यावरून जावं लागत नाही हे हेरून, मी पिंपाच्या पाठोपाठ रस्त्यावरच्या झडपेतून स्वतःला खाली सोडलं. पिंप गेलं. मी पोटापाशी अडकलो. वरून गाडीवाले दोघे ओढत होते, खालून ग्लेनिसबाई झाडूने ढकलत होत्या, आणि तेवढ्यातही मी त्यांना समजावून सांगत होतो की कायद्याने माझी खालची अर्धी बाजू आत आलेली असल्यामुळे तिला तरी एक ग्लास मिळायला हवा. त्या म्हणाल्या, “बघा! अ‍ॅम्ब्रोजच!”

खरं सांगू, आत्या? घर विकलं, शहर सोडलं, ते काही बिअरसाठी नव्हे. आपण कोणाचे कोण हे जिथल्या लोकांना ठाऊक असतं, अशा जागी एकदा तरी बसावं, एवढीच हौस होती. आता ते त्यांना पक्कं ठाऊक झालं आहे, आणि म्हणूनच मी बाहेर आहे. आतला उजेड खिडकीतून बाकावर पडतो तेव्हा फार वाईट वाटतं.

असो. आपलं रडगाणं किती गायचं? तुमची खुशाली कळावी एवढ्याचसाठी लिहायला बसलो होतो. दुसरा काही हेतू नाही. गुडघ्याला जपा.

तुमचा भाचा, सध्या बाहेरचा,
क्लेमंट

ता. क. सहज आठवलं म्हणून लिहितो. ज्याने बंदी घातली त्याच्याच थेट वंशातल्या माणसाला ती उठवता येते म्हणे. आपण नात्यातले हे ठाऊक होतं, पण कुठून ते मला कधी कळलं नव्हतं. काल इथले म्हातारे सांगत होते की जोसायाच्या वंशातलं आता एकच माणूस हयात आहे, लग्न होऊन लँडडनोला गेलेली त्याची नात विनिफ्रेड. योगायोग पाहा! बंदी उठवल्याचं पत्र लिहून सोबत ठेवलं आहे. फक्त सही हवी.

ता. क. दुसरा. काही शंका असल्यास कळवा. मी स्वतः येऊन चार दिवस राहीन आणि सगळं अगदी सविस्तर समजावून सांगेन.

ता. क. तिसरा, मॅव्हिसकडून. विनी आत्या, पाकीट टपालात टाकायला माझ्या हाती दिलंय, म्हणून या चार ओळी. लग्न झाल्यापासून मी कुठलीही गोष्ट सुरू केली की शेवट हे सांगतात, आणि चुकीचा सांगतात. इथे एका गुरुवारी कोणीतरी विचारलं, “मॅव्हिसबाई, तुमचे वडील काय करायचे?” सवयीने मी शेजारी पाहिलं, तर उत्तर द्यायला कोणीच नव्हतं. मग मीच सांगितलं, की ते कालव्यावरचे दरवाजे सांभाळायचे. लोक गप्प राहिले. मला वाटलं, चुकलंच काहीतरी. तेवढ्यात एक जण म्हणाला, “मग? पुढे?” आत्या, ‘पुढे’ असं मला आजवर कोणी विचारलंच नव्हतं. तेव्हापासून दर गुरुवारी मी थोडं थोडं सांगते. तुम्ही सही जरूर करा. हे बाहेर भिजतात ते मला बघवत नाही, रात्रभर खोकतात. फक्त गुरुवार सोडून, असं तेवढं त्यात घाला. आणि पाठवायची फार घाई करू नका. माझ्या गोष्टीत वडिलांचं अजून लग्नही व्हायचंय.