दिवाळी झाल्यावर बघू

आत्याबाई,

तुमचे गुडघे कसे आहेत? तिकडे जिना नसेल, अशी मी आपली समजूत करून घेतली आहे. मामंजींचा खोकला थांबला का? थंडी पडली की पहाटे त्यांचा खोकला आणि चुलीवरचा हंडा एकदमच वाजायला लागायचे, आणि कुठला कोणता ते मला अंथरुणातून कळायचं नाही. धाकट्या चुलतसासूबाईंची कंबर? त्यांना म्हणावं, आता तरी वाकून झाडू नका. आणि आपली ती एका शिंगाची गाय, फक्त तुमच्याच हातची पेंड खाणारी, ती नक्की तुमच्यापाशीच असणार. तिचीही खुशाली कळवा. इकडचं विचाराल तर तुमच्या लेकाच्या रक्तात साखर निघाली आहे. यंदा दिवाळीत लाडवाच्या डब्यापाशी त्यांना मी चारदा पकडलं, आणि चारही वेळा ते म्हणाले, झाकण नीट लागलंय का ते बघत होतो. तुमचा नातू, जो तुम्ही गेलात तेव्हा दुसरीत होता, त्याचे केस पिकले. सुनेचा खांदा धरतो, ती ताथवड्याला एका कॉलेजच्या ऑफिसात दिवसभर कॉम्प्युटरवर असते. मी ठणठणीत आहे. दात सोडले तर सगळं माझंच आहे.

आज वर्षाचा शेवटचा दिवस. जेवणं उरकून मी ओट्यापाशी स्टूल घेऊन बसले आहे, आणि डोक्यावर ठोक ठोक चाललंय. घाबरू नका, घराला काही झालं नाही. गावठाणातल्या आपल्या घरावर आता दोन मजले चढले आहेत आणि वरच्या मजल्यावर माझी नात सेफ्टी शूज घालून फिरते आहे. लोखंडी टोपी असलेले बूट, पायावर काही पडलं तर बोटं वाचावीत म्हणून. कंपनी देणारच आहे तिला, पण तिच्या बापाने आठ दिवस आधीच एक जोड आणून ठेवला. "अंगवळणी पडू दे," म्हणाला. तेव्हापासून पोरगी ते घालून चहा पिते, ते घालून कपडे वाळत टाकते. उद्या एक तारखेला ती चाकणच्या कंपनीत रुजू होते. गाडीचे भाग बनवतात तिथे, मशीनवर. सकाळी साडेसहाला बस चौकात येणार. आत्याबाई, माझं सकाळपासून कशात लक्ष नाही. दोनदा भाजीत मीठ घातलं.

हे सगळं कसं घडलं ते तुम्हाला सांगायलाच हवं, कारण त्याचं मूळ तुमच्या कॅलेंडरात आहे. दाराआड खिळ्याला टांगलेलं ते कॅलेंडर मला अजून दिसतं. तुम्हाला अक्षर येत नव्हतं, पण ह्यांच्या शिफ्टचा तुमचा हिशेब कंपनीच्या टाइमकीपरपेक्षा पक्का. पहिल्या शिफ्टला कुंकवाचा ठिपका, दुसरीला हळदीचा, तिसरीला काजळाचा. गुरुवारी कंपनीला सुट्टी, ती चौकट कोरी. मी लग्न होऊन आले आणि दोन महिन्यांत तुम्ही ते काम माझ्याकडे दिलं. मी काय केलं, तर गडबडीत एका सोमवारी कुंकवाच्या जागी हळद लावली. हे निवांत झोपले दुपारपर्यंत, आणि तिकडे पहिल्या शिफ्टला त्यांची मशीन वाट बघत उभी. तुम्ही कढईतला झारा हातात घेऊनच आलात. "डोळं हायती का बटाटं? माझा ल्योक झोपला न्हाई, त्याला तू झोपवलं." मी मुसमुसत राहिले. संध्याकाळी तुम्ही माझ्या ताटात न बोलता दोन वाट्या दूध ओतलंत, तीही आठवण आहे. पण मला त्या रंगांचीच धास्ती बसली. माझी शाळा तिसरीतच सुटलेली, अक्षरं अर्धी विसरलेली. म्हटलं, आता ठिपके नकोत, अक्षरंच लावू. दुपारी तुम्ही पडलात की मी कॅलेंडरवरचं एकेक अक्षर बोटाने गिरवायची. सोम, मंगळ, मग चतुर्थी, मग प्रदोष. मग पुड्यांचे कागद. मग स्टेशनकडे जाताना बसच्या पाट्या आणि दुकानांच्या. कुणी शिकवलं नाही, तसंच ओढत ओढत जमलं. पुढे कॅलेंडरच्या मागच्या पानावरच्या पाककृती मी तुम्हाला मोठ्याने वाचून दाखवू लागले, आणि तुम्ही हनुवटीला हात लावून ऐकायचात. "असं लिवलंय व्हय? मग चुकीचं लिवलंय. अनारशाला एवढं तूप न्हाई लागत."

आपली दिवाळी तेव्हाही पंचांगाआधी शिफ्ट बघून यायची. एका वर्षी ऐन नरकचतुर्दशीला ह्यांची तिसरी शिफ्ट होती, आठवतं? अख्ख्या आळीची पहाटेची आंघोळ झाली, फटाके झाले, पोरांनी फराळ हादडला, आणि तुम्ही आपली पणती विझू न देता ओट्यावर बसून. शेजारणी हसल्या, तर तुम्ही त्यांनाच सुनावलंत, "माझा ल्योक आंगुळ करंल तवा मरंल तुमचा नरकासूर. तवर त्याला बसू द्या दारात." हे आठला कंपनीतून आले, हाताला ऑइल, डोळे लाल, आणि तुम्ही नऊ वाजता उन्हात त्यांना उटणं लावून न्हाऊ घातलंत. तीच आमची पहाट. हे अजून दर दिवाळीला ही गोष्ट सांगतात, आणि दर वर्षी नरकासुराला अर्धा तास जास्त बसवून ठेवतात.

ते ठिपके पुढे अक्षरं झाले, पण रिवाज तुमचाच चालू आहे. दिवाळीच्या पाडव्याला, फराळाला सगळे बसले की पुढच्या वर्षाचं कोरं कॅलेंडर मी उघडते आणि प्रत्येकाची शिफ्ट, प्रत्येकाची सुट्टी त्यात लिहिते. नातू तुमचा चिंचवडच्या कंपनीत, त्याला गुरुवार. सुनेला रविवार. एकत्र सुट्टी म्हणजे सणासुदीचीच, म्हणून ते दिवस मी लाल पेनाने गोल करते. यंदा मात्र कॅलेंडर उघडण्याआधीच घरात एक गाठ बसलेली होती. नातीने मेकॅनिकलचा डिप्लोमा केला, चांगल्या मार्कांनी, आणि वसुबारसेच्या आधी तिला चाकणहून नोकरीची मेल आली. उत्तर द्यायची मुदत नेमकी पाडव्यापर्यंत. तिने बापाला विचारलं. तो कंदील टांगत होता. वरूनच म्हणाला, "दिवाळी झाल्यावर बघू."

तुम्हाला सांगायला नको, आपल्याकडे हे वाक्य म्हणजे माळा आहे. नको असलेलं सगळं त्याच्यावर टाकायचं. तो मुलगा वाईट नाही हो. पंचवीस वर्षं त्याने स्वतः तिन्ही शिफ्टा ओढल्या आहेत, पोरीचे वाढदिवस चुकवले आहेत. त्याला वाटत होतं, तिने डिग्री करावी, पंख्याखाली बसून काम करावं. चाकणच्या रस्त्याला दोन-दोन तास गाडी हलत नाही, तेही खरं. पण पोरगी माझ्यापाशी येऊन करंज्या कातत म्हणाली, "आज्जी, मला मशीनवर जायचंय गं. नाहीतर डिप्लोमा काय भिंतीवर लावायला केला का मी? आणि पाडवा झाला की ती जागा दुसऱ्याला जाणार." तिची करंजी फुटली, सारण सगळं पोळपाटावर. मी म्हटलं, सांग की बापाला मुदतीचं. तर म्हणे, तीनदा तोंड उघडलं, तीनदा ते म्हणाले, सणाचा विषय नको.

पाडव्याला सकाळी ओवाळणं झालं, सगळे चटईवर बसलो. चकल्या यंदा इतक्या खुसखुशीत झाल्या होत्या की शेजारच्या भाभी आल्या आणि डबा घ्यायचा सोडून उभ्यानेच तीन खाऊन गेल्या. मी कॅलेंडर उलगडलं, चष्मा लावला. ह्यांचं विचारलं, ते म्हणाले, "माझी कायमची सुट्टी, लिहून टाक." मुलाचे गुरुवार लिहिले. सुनेचे रविवार झाले. मग मी पेन वर न उचलता नातीला विचारलं, "तुझं एक जानेवारीला काय? पहिली का जनरल?"

नातीने हातातली चकली ताटात ठेवली. नात म्हणाली, "जनरल. आधी पंधरा दिवस ट्रेनिंग."

"आई," मुलगा म्हणाला, "मी म्हटलं होतं ना, दिवाळी झाल्यावर बघू."

"उत्तर आज द्यायचंय त्यांना," मी म्हटलं. "आजचा दिवस गेला की संपलं."

"मला कुणी सांगितलं नाही!"

सून हळूच बोलली, "तुम्ही सांगू दिलं का?"

"आणि दिवाळी होते कधी आपल्याकडं?" हे मधेच म्हणाले. "दिवाळी झाली की तुळशीचं लग्न, मग मार्गशीर्षातले गुरुवार, मग संक्रांत. मला तर साठ वर्षांत कधी दिवाळी झालेली दिसली नाही." आणि तेवढ्या गोंधळात एक बेसनलाडू उचलला, मी बघितलं, पण त्या क्षणी माफ केला.

माझा आवाज मलाच परका वाटला, आत्याबाई. मी म्हटलं, "नाही म्हणायचं असेल तर आत्ता नाही म्हण. मी ऐकून घेईन. तीही घेईल. पण दिवाळी झाल्यावर म्हणू नकोस. त्याचं काय होतं ते मला माहीत आहे."

"काय होतं?" सुनेने विचारलं.

"काही नाही. उटणं उरतं," मी म्हटलं, आणि चष्मा पुसायला लागले.

मुलगा ताटातला चिवडा निवडायला लागला. शेंगदाणे एकीकडे, डाळं दुसरीकडे, लहानपणी करायचा तसं. मग मान वर न करताच लेकीला म्हणाला, "बूट कुठल्या मापाचे सांगितलेस त्यांना?"

"सहा."

"सात सांग. सेफ्टी शूज चावतात. आत दोन मोजे घालायचे. आणि केस बांधून वर, टोपीच्या आत. मशीनजवळ ओढणी नाही, अंगठी नाही, धागा नाही. आजीने मनगटाला काही बांधलं तरी गेटवर सोडायचं. कळलं का?"

"कळलं, पप्पा."

"मग दाब ते बटण. काय बघतेस माझ्याकडं?"

तिने मोबाइलवर 'मान्य' दाबलं, आणि घरात जो गलका झाला, तो ऐकून भाभी परत आल्या. मी एक जानेवारीच्या चौकटीत लिहिलं, 'जनरल'. घाईत इतकं वेडंवाकडं लिहिलं की माझं मलाच नंतर वाचायला मिनिट लागलं. तेव्हापासून दिवाळी गेली, तुळशीचं लग्न लागलं, परवा सुनेच्या मैत्रिणीकडून नाताळचा केक आला, पण आमच्या घरात एकच सण चालू आहे, उद्याचा. बाप रोज जेवताना लेकीची तोंडी परीक्षा घेतो, जाडी मोजायचा मायक्रोमीटर कसा धरायचा, मशीन बंद पडली तर आधी काय करायचं. ती चुकली की ओरडतो आणि बरोबर सांगितलं की दुसरी पोळी मागतो. सव्वीस जानेवारीला सगळ्यांना सुट्टी आहे, तिघांनाही, मी तिथे दोन गोल केले आहेत. मावळात जाऊन हुरडा खायचा बेत ठरलाय. तिचा पहिला डबा उद्या मी भरणार आहे. सून म्हणाली, आई, एवढ्या लवकर तुम्ही कशाला उठता. मी म्हटलं, बाई, मला आज झोप लागली तर बघ.

आता जे सुनेला सांगितलं नाही ते तुम्हाला सांगते. तुमच्या शेवटच्या दिवाळीत आपण दोघी शंकरपाळी कातत होतो. तुम्ही खाली बघतच म्हणालात, "मलाबी नाव लिवायला शिकव की गं. रेशनच्या दुकानात अंगठा धरत्यात तवा त्यो मानूस माझं बोट असं धरतो, जनू चोराचं धरलंय." मी हसले, आणि म्हटलं, "दिवाळी होऊ द्या आत्याबाई, मग बघू." तुम्ही "व्हय, व्हय" म्हणालात आणि परत कधी विचारलं नाही. संक्रांतीला तुम्ही अंथरूण धरलंत. मला वेळ नव्हता असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले, पण खरं तसं नव्हतं. घरात वाचता येणारी मी एकटी बाई होते. तुम्ही हनुवटीला हात लावून ऐकायचात, ते मला फार आवडायचं. ते मला वाटून घ्यायचं नव्हतं. चार अक्षरांचं तर नाव होतं तुमचं, दोन दुपारींत आलं असतं.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं ते मला कळत नाही, म्हणून ते डब्यांमागे राहील. पण तिकडे तुम्हाला एव्हाना कुणीतरी शिकवलं असेल, नाहीतर तुम्ही स्वतःच शिकला असाल, तुमचं काय सांगावं. मला दोन ओळी लवकर लिहा. अक्षर वाकडं आलं तरी मी वाचून घेईन.