माळावर हाक मारण्याआधी

प्रिय वन्सं,

उद्या संध्याकाळी मला माळावर लांडग्याचा आवाज काढायचा आहे, आणि आत्तापासूनच माझं कशात लक्ष लागत नाही. सांगू कोणाला? हे सकाळपासून मिठाच्या गरम पाण्याचा पेला माझ्यापुढे आणून ठेवतात, ‘घसा सांभाळ’ म्हणतात आणि पुन्हा पेपरात डोकं घालतात. तुमचाच भाऊ! म्हणून तुम्हालाच लिहायला बसले. तुम्ही असता तर ही वेळ माझ्यावर आलीच नसती, हे आधी ऐकून घ्या.

लग्न होऊन सोलापुरात आले तेव्हा ‘वन्सं’ म्हणायला माझी जीभ वळेना. कॉन्व्हेंटमध्ये वाढलेली मी, मला तो शब्द संगीत नाटकातला वाटायचा. म्हणून मी तो मुद्दाम ठसक्यात म्हणायची. तुम्हीही कमी नव्हता! ‘काय मेमसाहेब?’ म्हणून तितक्याच ठसक्यात ओ द्यायच्या. पुढे चिडवणं संपलं आणि शब्द तेवढे राहिले.

त्या रविवारची आठवण आहे ना? मी नुसती डबा घेऊन जीपमध्ये बसले होते. तुम्ही प्राणिशास्त्राच्या प्राध्यापक, सगळं आयुष्य लांडग्यांच्या मागे घातलेलं, आणि लांडगा काही तुम्हाला ओ देईना! कळपात किती उरलेत, पिल्लं जगली का, हे कळायला त्यांच्यासारखं ओरडायचं आणि उत्तर ऐकायचं, असं तुम्ही मला समजावत होता. पण वर्गात शिकवून शिकवून घसा बसलेला. ते खरखरीत ओरडणं ऐकून मला हसू आवरेना.

‘असं नाही हो, पोटातून!’ म्हणत मी काच बोटभर खाली केली आणि शाळेच्या कॉयरमध्ये सिस्टरनी शिकवलं होतं तसा, खांदे न उचलता, एक लांब सूर सोडला. समोरच्या टेकाडामागून उत्तर आलं! आधी एक जाड आवाज, मग त्यावर चढलेला दुसरा, मग पिल्लांचं ते किनरं, सूर चुकलेलं. तुम्ही माझा दंड इतका आवळलात की वळ उठला. मी मात्र घाबरून काच वर करत होते.

तेव्हापासून मी तुमचा आवाज झाले. पण जीपमधून कधी उतरले नाही. ‘अगं, तो तुलाच घाबरतो,’ असं तुम्ही किती वेळा सांगितलंत! ‘मग काचेआडून घाबरवते की,’ हे माझं उत्तर ठरलेलं.

आणि तुमचा तो एकच नियम. माणसं ऐकत असताना हाक मारायची नाही. लांडगा भोळा असतो, असं तुम्ही म्हणायच्या. आपलं कोणी हाक मारतंय असं वाटलं की ओ देतो, मी इथे आहे म्हणून सांगून मोकळा होतो. ते कोणाच्या कानावर जाईल, याचा विचार त्याने नाही, आपण करायचा.

वन्सं, उद्या मी तो नियम मोडणार आहे.

काय झालं ते सांगते. बार्शी रस्त्याच्या माळाकडेला महादूची वस्ती, जिथे आपण चहा प्यायचो, मी अर्थात जीपमध्ये बसूनच. तुम्ही गेल्यावरच्या पहिल्याच उन्हाळ्यात महादूच्या आईला भरदिवसा, मेंढरांच्या मागे असताना, लांडगा चावला. पोटरी फाडली. तो लांडगा दुसऱ्या दिवशी ओढ्यात मेलेला सापडला. तपासणीत निघालं, पिसाळलेला होता. म्हातारीला इंजेक्शनं वेळेत मिळाली, ती बरी आहे, काळजी करू नका.

पण बातमी काय आली? ‘नरभक्षक लांडगा’! एका आजारी जनावराने पोटरीला दात लावले, तर नरभक्षक! आमच्या गल्लीत रोज कोणाला ना कोणाला कुत्रं चावतं, त्याला कोणी अशी पदवी दिलेली नाही. भिशीतल्या बायका मला विचारतात, ‘लांडगे हवेत कशाला?’ आणि ज्या गवतावर तुम्ही जन्म काढलात त्याला कागदोपत्री ‘पडीक’ म्हणतात. पडीक! मला एकेकाला तिथे नेऊन उभं करावंसं वाटतं.

तर महादूच्या वस्तीवर बोलणी सुरू झाली. बिळं शोधून धूर करायचा, मेलेल्या शेळीत विष घालायचं. तुमची विद्यार्थिनी रेश्मा आता तुमचं काम बघते. ती बिचारी घरोघर सांगत फिरली, की हा रोग कुत्र्यांकडून लांडग्यांत येतो, आधी वस्तीवरच्या कुत्र्यांना लस टोचू द्या. कोणी कुत्रं धरून देईना. कळपातले बाकीचे जगलेत की त्याच रोगाने गेले, हेही तिला कळेना, कारण माळावर लावलेले कॅमेरे चोरीला गेले.

अशात एक दिवस महादूच आमच्या दारात. चप्पल बाहेर काढून, टोपी हातात.

‘वैनी, तुमी एकदा आवाज काढा की. कुटं हायती ते तरी कळंल.’

‘कळून काय करणार आहेस?’

तो खाली बघायला लागला. ‘भ्या वाटतंय वो. पोरं हायती घरात. मेंढरांमागं एकटं जायचं म्हंजे पाय उचलत न्हाय.’

‘धूर करणार?’

तो टोपीची घडी घालत बसला. तेव्हा मला काय सुचलं देव जाणे! म्हटलं, ‘सगळ्या वस्तीची कुत्री आधी रेश्माच्या हवाली कर. मग ओरडते. तोवर एक सूर निघायचा नाही.’

‘म्हंजे आवाज गहाणच ठिवला म्हना की!’

‘ठेवला. सोडवून घे.’

आणि पठ्ठ्याने घेतला हो! मी जीपमध्ये, काच वर, आणि महादू घरोघरची कुत्री काखेत धरून आणतोय. त्याच्या स्वतःच्या कुत्र्याने त्याचा सदरा फाडला. म्हातारी बाजेवरून ओरडली, ‘नीट धर की रं! सुई हाय ती, नवरी न्हाय, लाजतुयास कशाला!’ मग माझ्या काचेवर टकटक करून म्हणाली, ‘खाली करा की वो जरा, मी काय चावती व्हय?’ मी काच उतरवली. जखमेच्या जागी बोट फिरवत ती म्हणाली, ‘त्याचं डोळंच निराळं हुतं बगा. त्याला बी कुनीतरी चावलंच असंल की.’

सगळ्या कुत्र्यांना टोचून झालं. आता माझी पाळी. पण महादू म्हणतो, ‘मी बी येनार. रेश्माताईनं एकटीनं ऐकायचं आन मला सांगायचं, कायबी न्हाय तितं. असं चालनार न्हाय.’ बरोबरच आहे त्याचं. त्याच्या आईची पोटरी आहे ती.

‘ऐकून धूर केलास तर?’ मी तोंडावर विचारलं.

‘आईच्या डोस्क्यावर हात ठिवून सांगतो, न्हाय करनार. पर वैनी, भ्या ग्येलंय आसं खोटं न्हाय सांगनार.’

‘मलाही वाटतं रे,’ मी म्हटलं. इतक्या वर्षांत हे मोठ्याने पहिल्यांदाच बोलले. तो माझ्याकडे बघतच राहिला. आवाजवाल्या वैनी आणि लांडग्याला भितात!

काल नव्या पेठेत जाऊन कॅनव्हासचे बूट आणले. दुकानदार म्हणाला, ‘वॉकिंगला का, काकू?’ म्हटलं, ‘नाही, लांडग्याला भेटायला.’ त्याने दोन पैसे कमी केले, वेडी समजून असेल.

थट्टा पुरे. मला खरंच भीती वाटते आहे. ओ आली, तर मीच त्यांचा ठावठिकाणा माणसांच्या कानात घातला असं होईल. महादूने शब्द दिला आहे, पण त्याच्या शेजारच्याने कुठे दिलाय? आणि ओ आलीच नाही तर? नोकरीभर टेलिफोन खात्यात ट्रंक कॉल जोडून दिले मी. ‘बार्शी? हॅलो, बार्शी? ऐकू येतंय का?’ पलीकडून नुसती खरखर आली की समजायचं, लाइन गेली, दुरुस्त होईल. माळावर लाइन गेली तर कोण दुरुस्त करणार?

आणि एक सांगू? दवाखान्यात त्या दुपारी मी पेज घेऊन आले. सवयीने ‘वन्सं’ म्हटलं, आणि ‘काय मेमसाहेब’ आलं नाही. पुन्हा म्हटलं. मग नर्सने माझ्या हातातली वाटी काढून घेतली. मला तुमचा राग येतो. नियम घालून दिलात, आवाज काढायला लावलात, आणि उत्तर न येण्याची काही तयारी करून घेतली नाहीत! लांडग्याच्या दातांना नाही, त्या शांततेला मी भिते. उद्याही तीच आली तर?

तरी वचन देते. उद्या जीपमधून उतरेन. नव्या बुटांनी गवतात उभी राहीन, महादू एका बाजूला, रेश्मा दुसऱ्या. खांदे न उचलता, पोटातून हाक मारीन. ओ आली तर मी टेकाडाकडे नाही, महादूच्या तोंडाकडे बघेन, आणि त्याने दिलेला शब्द त्याच्या डोळ्यांत दिसेपर्यंत नजर काढणार नाही. त्या शेजाऱ्याच्या दारातही मीच जाईन.

आणि ओ नाही आली, तर परत हाक मारीन. दुसऱ्या दिवशी जाईन, परत मारीन. तुम्ही ओ देत नाही म्हणून ‘वन्सं’ म्हणायचं मी कुठे सोडलंय?

तुमची,
मेमसाहेब