एकाही ज्येष्ठाची गैरसोय झालेली नाही

३ मार्च, सोमवार. दुपार
आज सरकारी ज्येष्ठ निवासाची अचानक पाहणी. अचानक म्हणजे पत्रकारांना सकाळीच कळवलं होतं. निवास चकाचक. शांतता इतकी की स्वतःचा बूट वाजला तरी दचकावं. जेवणानंतर सगळे आडवे होतात, असा तिथला नियम आहे म्हणे.

आई तिथेच असते, खिडकीजवळच्या खाटेवर. झोपली होती. फोटोग्राफर म्हणाला उठवू या, मी नको म्हटलं. मुलाने आईची झोप मोडू नये. मागच्या पाहणीतही ती झोपलेलीच होती. वय झालं की झोप वाढते. ज्येष्ठ कल्याण मंत्र्याची स्वतःची आई सरकारी निवासात राहते, हे मी प्रत्येक भाषणात सांगतो, टाळ्या पडतात. तिला घरी करमत नाही असं आमचं सगळ्यांचं एकमत झालं होतं. सगळ्यांचं म्हणजे ती सोडून.

एक गोष्ट मात्र खटकली. कॉरिडॉरमध्ये भिंतीला लागून वॉकरची लांबलचक रांग. कुणी ढुंकूनही बघत नव्हतं. सरकारी मालमत्ता धूळ खात पडलेली. (धूळ नव्हती. पण पुढेमागे बसलीच असती.) मेट्रनबाई काहीतरी सांगू बघत होत्या, पण मला पुढचा कार्यक्रम होता.

संकल्प: दर रविवारी आईकडे जायचं. कॅमेऱ्याशिवाय.

५ मार्च, बुधवार
मला कल्पना अंघोळीतच सुचतात. माझ्याकडे ज्येष्ठ कल्याण आहे आणि तोंडी लावायला परदेशी मदतीचं खातं. समुद्रापलीकडच्या एका देशात भूकंप झालाय. सगळे तंबू पाठवतायत, औषधं पाठवतायत. आपण वेगळं काय पाठवणार? भूकंपात पाय मोडतात. वॉकर!

सचिवांनी विचारलं, वॉकर वापरात नाहीत याची खात्री आहे ना, साहेब? म्हटलं, या डोळ्यांनी पाहिलंय. त्यांनी तसं टिपून घेतलं. हुशार माणूस, पण कल्पनाशक्तीच्या नावाने शंख.

१२ मार्च, बुधवार
झेंडा दाखवून ट्रक रवाना. भाषण झकास झालं. 'आमच्या ज्येष्ठांनी आपला आधार तुम्हाला दिला आहे', हे वाक्य ऐन वेळी सुचलं. टाळ्यांसाठी निवासातले आजी-आजोबा बोलावले होते, एकही फिरकला नाही. मेट्रनबाईंचा निरोप आला की त्यांना येता येत नाही. आळस, दुसरं काय.

रविवारी आईकडे जायचं राहिलं. पक्षाची बैठक. येत्या रविवारी नक्की.

१८ मार्च, मंगळवार. सकाळी
ऑफिसबाहेर आवाज. टक्. मग जरा थांबून पाय फरफटल्यासारखा. पुन्हा टक्. कुणीतरी माझ्या दाराकडे येत होतं, अगदी सावकाश. फाइलवर सही करायची थांबलो. आवाज दाराशी आला आणि थांबला. 'या' म्हटलं. कुणी आलं नाही. शिपाई म्हणाला, मी स्टुलावरच आहे साहेब, चिटपाखरू नाही आलं. चहाची ट्रॉली असणार.

दुपारी: आपल्याकडे चहाची ट्रॉली नाही, असं पीए म्हणतो.

२० मार्च, गुरुवार
आवाज आता घरीही. दाढी करत होतो, बाथरूमच्या बाहेर येऊन थांबला. बायकोला ऐकू येत नाही. वरच्या मजल्यावर सुतारकाम चालू असेल. (वरचा मजला आमचाच. मग गच्चीवर.)

आणि ताईचा फोन. ताई म्हणजे माझी थोरली बहीण. दूरच्या गावी असते आणि फोनवरून राज्य चालवते. म्हणाली, आईचा वॉकर नेलास ना? मी म्हटलं, मी नाही, खात्याने. मग तिने मला जे समजावलं ते मेट्रनबाईंनी वेळेवर सांगायला हवं होतं. दुपारी खाटांच्या मधे कुणी अडखळू नये म्हणून आया सगळे वॉकर बाहेर रांगेत लावून ठेवतात. चहाच्या वेळेला जो तो आपापला ओळखून घेतो आणि बागेत जातो. म्हणजे जायचा. आता तिथे खाटेवरून कुणी उठतच नाही.

'आई रोज फाटकापर्यंत चालायची,' ताई म्हणाली. 'तुला ठाऊक तरी होतं का?'

मी तिला म्हटलं, मीटिंगमध्ये आहे.

संकल्प: उद्या स्वतः दुकानात जाऊन आईसाठी नवा वॉकर घ्यायचा.

२१ मार्च, शुक्रवार
घेतला नाही. पीएचं म्हणणं पटलं. मंत्री दुकानात वॉकर घेताना दिसला तर लोक विचारतील, सरकारी निवासात नाहीत का? तीन एप्रिलला ज्येष्ठांच्या सोयींवर प्रश्न लागलाय, तोही विरोधी बाकावरच्या मास्तरीणबाईंचा. बाई पूर्वी शाळेत शिकवायच्या, अजूनही सभागृहाला सातवी ब समजतात. त्यांच्या हाती आयतं कोलीत कशाला? प्रश्न आटोपला की लगेच वॉकर.

तोपर्यंत आईला फळांची करंडी पाठवली. सोबत खाटेवर पडून करायच्या व्यायामांचा तक्ता. रंगीत.

२४ मार्च, सोमवार
कानाच्या डॉक्टरांकडे. मशीन लावलं, पुंगळ्या घातल्या. कान उत्तम आहेत म्हणाले, तरुण माणसासारखे. म्हणजे माझंच बरोबर, आवाज आहेच. आनंद व्हायला हवा होता. नाही झाला.

२५ मार्च, मंगळवार
प्रश्नोत्तराचा तास. आज परदेशी मदत. मास्तरीणबाईंनी विचारलं, पाठवलेलं साहित्य गरजूंपर्यंत पोचलं का? तोफ डागावी तसा उठलो. म्हटलं, पोचलं तर आहेच, शिवाय त्याच्या आधाराने तिकडची माणसं चालू लागली आहेत. (पोचल्याचं अजून कळलेलं नाही. पण कधीतरी पोचणारच, मग आज सांगितलं तर काय बिघडलं?)

पुढचं वाक्य बोलणार, तेवढ्यात मागच्या दाराकडून टक्. फरफट. टक्. बाकांच्या मधल्या वाटेने माझ्याकडेच. मी माइकमध्ये म्हणालो, 'आलोच.'

सभागृहात हशा. अध्यक्षांनी विचारलं, मंत्रिमहोदय, कुठे निघालात? मी पाणी प्यायलो. तो शब्द कामकाजातून काढायची विनंती केली आहे. नियमात बसत नाही म्हणतात.

२७ मार्च, गुरुवार
त्या देशाचं पत्र. मनापासून आभार, पण आम्ही तंबू आणि औषधं मागितली होती, वॉकर नको. माल आपल्याच बंदरावरच्या गोदामात पडून आहे, जहाजावर चढलाच नाही. इथून गाडीने जेमतेम अर्धा तास.

सचिवांनी लगेच सुचवलं, आज संध्याकाळच्या आत सगळे निवासात परत नेऊन ठेवू. बोलायला काय जातं? मी भर सभागृहात सांगून बसलोय की तिकडची माणसं त्यांवर चालतायत. ते इकडे दिसले की सभागृहाची दिशाभूल, मग राजीनामा. सचिवांची खुर्ची कुठे जाणार आहे?

ठरलं. तीन तारखेचा प्रश्न पार पडू दे. चार तारखेला वॉकर परत, गाजावाजा न करता. आठवड्याने कुणाचं काय बिघडतंय?

सचिव म्हणाले, म्हाताऱ्या माणसांचं आठवड्याने बिघडतं, साहेब. उगाच अपशकुनी बोलतात.

३० मार्च, रविवार
अखेर निघालो आईकडे. निवासाच्या फाटकापर्यंत गेलोही. उतरलो नाही. बागेतली बाकं रिकामी, वाटेवर पानं पडलेली, त्यांवर एकही पाऊल नाही. आणि तरी त्या वाटेवरून आवाज येत होता. सावकाश, फाटकाकडे. ड्रायव्हरला म्हटलं, वळव गाडी.

भीती वाटली. ही वही कुणी वाचणार नाही म्हणून लिहितो. मेलेली माणसं अशी मागे लागतात हे लहानपणी ऐकलं होतं. पण माझी आई जिवंत आहे. जिवंत माणसाने मागे लागायचं काय कारण?

तिच्यासाठी अजून एक करंडी पाठवली.

३ एप्रिल, गुरुवार. दुपारी
विजय! मी उठलो तेव्हा आवाज लांब कुठेतरी होता. मास्तरीणबाई उपप्रश्नामागून उपप्रश्न टाकत होत्या तसा तो जवळ येत गेला. कपाळाला घाम. पण डगमगलो नाही. शेवटी त्यांनी विचारलं, वॉकर पाठवल्यामुळे एकाही ज्येष्ठाची गैरसोय झालेली नाही, असं मंत्री छातीठोकपणे सांगतील का? मी छातीठोकपणे सांगितलं, 'एकाही ज्येष्ठाची गैरसोय झालेली नाही.'

आणि आवाज थांबला. तिथल्या तिथे. आमच्या बाजूची बाकं वाजत होती आणि मला कित्येक दिवसांनी नुसती बाकंच ऐकू येत होती. सत्याचा विजय होतो म्हणतात तो असा. उद्या सकाळी वॉकर परत. आईचा मी स्वतः घेऊन जाणार.

संध्याकाळी
मेट्रनबाईंचा फोन. आई पडली. हॉलमधल्या टीव्हीवर सभागृह दाखवत होते. मेट्रनबाई तिला म्हणाल्या होत्या, आजी, नंतर सांगते ना काय झालं ते. पण तिला बघायचं होतं. खाटांचे कठडे धरत, मग भिंत धरत निघाली. हॉलच्या दारापर्यंत आली.

केव्हा पडली, ते विचारलं नाही. मेट्रनबाईंनी आपणहून सांगितलं. टीव्हीवर बाकं वाजायला लागली होती.

५ एप्रिल, शनिवार
हॉस्पिटल. मांडीचं हाड. ऑपरेशन चांगलं झालं, पण आता चालणं विसरा, असं डॉक्टर म्हणाले. ताई आलीय. माझ्याशी बोलत नाही, हे फोनपेक्षा वाईट आहे.

वॉकर काल परत गेले. प्रत्येकाने आपापला ओळखून घेतला म्हणे. एक उरला.

दुपारी आईला जाग आली. पहिलं काय विचारावं? 'माझा वॉकर तिकडे कुणाला मिळाला रे?'

गोदामाचं सांगणार होतो. तोंडातून निघालं, एका बाईंना, तुझ्याच वयाच्या. आईचा चेहरा असा उजळला की पुढचं बोलवेना. म्हणाली, मग हरकत नाही, मी काय, पडूनच असते.

संकल्प: उद्या खरं सांगायचं.

६ एप्रिल, रविवार
आज ती अशक्त वाटली. उद्या.

१० एप्रिल, गुरुवार
आवाज पुन्हा आलेला नाही. ऑफिसात आता कधी कधी काम थांबवून मीच कान देतो. दाराकडे कुणीही येत नाही. हे जास्त वाईट आहे, डॉक्टरांना कसं सांगणार?

आई रोज त्या बाईंची खुशाली विचारते. मीही रोज थोडं थोडं सांगतो. त्यांचं घर पडलं, पण त्या वाचल्या. परवा अंगणात आल्या. काल विहिरीपर्यंत गेल्या. ताई खिडकीकडे तोंड करून ऐकते, मला खोटं पाडत नाही. मी आता रोज संध्याकाळी इथे असतो. ती घरी असताना कधी एवढा बसलो नव्हतो तिच्यापाशी.

१६ एप्रिल, बुधवार
आज आईचा आवाज अगदी बारीक झाला होता, कान तोंडाशी न्यावा लागला. तिला बरं वाटावं म्हणून मोठी बातमी दिली. म्हटलं, त्या बाई आज वॉकर घेऊन, एकट्या, पार मुलाच्या घरापर्यंत चालत गेल्या.

आई हसली. डोळे मिटून बराच वेळ ती वाट चालल्यासारखी पडून राहिली. मग विचारलं, 'मुलगा होता का घरी?'

सभागृहात असा प्रश्न आला की मागच्या गॅलरीतून सचिवांची चिठ्ठी येते. मी सवयीने मागे वळून पाहिलं. मागे भिंत होती.